बसला

संत्र्याची साल किसताना पांढरं येऊ द्यायचं नाही,
कडू होतं. एवढं एक मला नीट जमतं.
मृगाची संत्री, कॉटन मार्केटातला शेवटचा वाटा,
वरून डागाळलेली, आत नुसता रस.
रात्री साडेनऊला भांडं ओव्हनमध्ये सरकवलं
आणि स्टूल ओढून काचेसमोर बसले.

पस्तीस मिनिटं दार उघडायचं नाही, असं वहीत
माझ्याच अक्षरात आहे, खाली दोन रेघा मारून.
बाविसाव्या मिनिटाला उघडलं.
फार नाही, चार बोटं.
वर आलेला, मधोमध थरथरणारा,
झोपलेल्या मुलाचं पोट हलावं तसा.
मग माझ्या देखत, काही न बोलता,
बसला.

तसाच डब्यात भरला. टाकते कुठं, तीन अंडी होती.
पहाटे साडेतीनला फुलझेले मॅडम
हॉर्न न वाजवता फोनचा एक ठोका देतात.
एकतीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी,
अजूनही गाडी नकाशावर चालवल्यासारखी चालवतात, चाळीसनं.
दिघोरी नाका मागे पडला, दिवे विरळ झाले,
उमरेड रोडवर कुणीतरी पऱ्हाट्या पेटवल्याचा वास.
आम्ही दोघी काहीच बोललो नाही.
याच्यासाठीच मी येते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

करांडल्याच्या गेटवर चहा पातळ आणि फार गोड.
जिप्सीत पुढं इंद्रपाल मसराम, गाइड,
मफलरमधून नुसते डोळे.
साग पानं टाकत होता, एकेक, पापड मोडल्यासारखा आवाज.
रोही उभी होती, आमच्याकडे पाहून कंटाळली.
टकाचोर एका फांदीवरून दुसरीवर, शेपूट ओढत.
पळस अर्धा फुललेला.
मग चितळ ओरडलं. एकदा. पुन्हा.
इंद्रपालनं हात वर केला, गाडी थांबली,
सहा जणांचे श्वास थांबले, एकाची ढेकर मात्र नाही.

काही नाही.
वीस मिनिटं काही नाही.
मग त्यानं बोटानं दाखवलं, बांबूच्या बुडाशी
गवत गोल दबलेलं, कडेचं एक पातं
अजून हळूहळू उभं राहत होतं.
"इथं बसला होता न मॅडम. आत्ताच उठून गेला."
मी दुर्बीण लावून त्या खळग्याकडे पाहिलं.
एवढ्या मन लावून मी
आहे त्या वाघाकडेही पाहिलं नसतं.

आत खायला मनाई. बाहेर आल्यावर
जिप्सीच्या बॉनेटवर डबा उघडला.
इंद्रपाल वाकून पाहत राहिला बराच वेळ,
मधला तो खड्डा, कडा उंच.
"इथंही बसला होता काय?"
फुलझेले मॅडम हसता हसता चहा सांडल्या,
साडीवर, मग चपलेवर.
मीही हसले, पण थोडं उशिरा.
खड्ड्यातला तुकडा त्यानंच मागून घेतला.
ओलसर राहतो तो भाग, संत्रं तिथंच उतरतं.
अर्धा खाल्ला, अर्धा कागदात. "पोरीले देतो."
मग वहीच्या पानावर प्रमाण लिहून मागितलं.
मी लिहिलं. दोन रेघाही मारल्या.

दहाव्या दिवशी दुपारी फोन.
मी फुटाण्याची सालं फुंकत होते गॅलरीत,
समोरच्या वायरवर बुलबुल, खाली भंगारवाला.
"मॅडम, पोरीनं केला. ओव्हन नाही न आपल्याकडं,
कुकरमधी रेती टाकून, शिट्टी काढून.
झाकण उघडूच दिलं नाही तिनं कोणाले,
तिच्या आजीलेही नाही."
"मग?"
"नाही बसला."
त्याच्या मागं कुणीतरी भांडं आपटलं, कुणीतरी हसलं.
"आणि तो?" मी विचारलं.
"तो बसला आहे न. तळ्याच्या पाळीवर,
तीन दिवस झाले, रोज सकाळी.
तुम्हीच नाही आल्या."